पोरगं दुबईला गेलं अन् व्हॉट्सॲप कॉल लागेना? घाबरण्याआधी हे वाचा

माझा पुतण्या दुबईला कामाला गेला. पोहोचल्याचा मेसेज आला, पण व्हॉट्सॲप कॉल काही लागेना. वहिनी रात्रभर फोन उशाशी घेऊन बसल्या. सकाळी त्याचा व्हॉईस मेसेज आला, ‘मी बरा आहे, इथं व्हॉट्सॲपवर बोलता येत नाही.’ एवढं आधी माहीत असतं तर ती रात्र तशी गेली नसती.

दुबई, अबुधाबी, शारजा हे सगळं संयुक्त अरब अमिरातीत येतं. तिथं व्हॉट्सॲपचे मेसेज, फोटो चालतात, पण कॉल आणि व्हिडिओ कॉल बंद आहेत. फोन बिघडलेला नसतो, तिथला नियमच तसा आहे. बोटिम, झूम, मायक्रोसॉफ्ट टीम्स अशी परवानगी असलेली ॲपच बोलायला चालतात.

निघण्याआधी काय करायचं?

घरातल्यांच्या आणि जाणाऱ्याच्या, दोघांच्याही फोनमध्ये बोटिम टाका. ॲप एकाकडेच असून उपयोग नाही. एकदा इथंच बोलून बघा.

बँकेला जोडलेलं इथलं सिम बंद पडू देऊ नका. ओटीपी त्याच नंबरवर येतो. इंटरनॅशनल रोमिंग इथूनच सुरू करून घ्या, मात्र डेटा रोमिंग बंद ठेवा, नाहीतर पैसे कटतात. रिचार्ज घरच्यांनी लक्षात ठेवून मारायचा. 90 दिवस वापर नसेल तर नंबर बंद होऊन दुसऱ्याला जाऊ शकतो.

तिथं गेल्यावर

सुरुवातीला पासपोर्टवर पर्यटकाचं सिम मिळतं. कायमच्या सिमसाठी एमिरेट्स आयडी, म्हणजे तिथलं ओळखपत्र लागतं. एतिसलात आणि डू या तिथल्या दोन मोठ्या कंपन्या.

खोलीवर वायफाय घ्यायचं तर ओळखपत्र आणि भाडेकरार विचारतात. फायबरचा करार बऱ्याचदा 12 किंवा 24 महिन्यांचा असतो, मध्येच सोडला तर दंड बसतो. खोली कधी बदलेल सांगता येत नसेल, तर नुसतं प्लगला लावायचं वायरलेस राऊटर बरं. चार-पाच जण राहत असाल तर खर्च वाटून घ्या, पण करार ज्याच्या नावावर, बिलाची जबाबदारी त्याचीच, हे ध्यानात ठेवा.

कुणी म्हणेल, ‘व्हीपीएन टाक, व्हॉट्सॲप चालू होतं.’ त्या नादाला लागू नका. गुन्हा करायला किंवा लपवायला व्हीपीएन वापरलं तर तिथल्या कायद्यात 5 लाख ते 20 लाख दिरहम दंड आहे. तेवढ्यासाठी शेत विकावं लागेल.

आणि एक. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं आहे. आपल्याकडं रात्रीचे नऊ म्हणजे तिथं साडेसात. पोरगं कामावरून नुकतं खोलीवर येत असेल. जरा दम धरा, जेवून फोन करेल.