धंद्याचं टेन्शन: कोणाला, काय आणि कधी सांगायचं?



५ तारखेला बँकेचा हप्ता, ७ ला कामगारांचे पगार, २० ला जीएसटी. आणि ज्या पार्टीकडून पैसे यायचेत ती म्हणते, "पुढच्या आठवड्यात बघू." मग रात्री २ वाजता जाग येते, ती येतेच. फोन वाजला की छातीत धडधडतं. घरी विचारलं तर उत्तर ठरलेलं: "काही नाही, धंद्याचं टेन्शन."

हे "काही नाही" फार महागात पडतं. अडचण बाहेर कळली तर बाजारातली पत जाईल, अशी आपल्याला भीती असते. पण पत अडचण सांगितल्याने जात नाही, तेवढी फोन न उचलल्याने जाते. सगळ्यांना सगळं सांगायची गरज नाही. योग्य माणसाला योग्य गोष्ट, वेळेत सांगायची.

आधी एका कागदावर येणं, देणं आणि तारखा लिहा. डोक्यात नुसती भीती असते, कागदावर आकडा येतो. मग एकेकाकडे जा.

बँक: हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए होतं. त्याच्या आधी शाखेत जा. अडचण दिसत असेल तर छोटा उद्योजक स्वतःहून बँकेकडे अर्ज करू शकतो, अशी सोय रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे. हप्त्यांची फेररचना मागा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

पैसे अडकवणारी पार्टी: तुम्ही उत्पादन करता किंवा सेवा देता, तुमचा उद्योग सूक्ष्म किंवा लघु आहे आणि माल देण्याआधीच उद्यम नोंदणी झालेली आहे? मग २००६ च्या एमएसएमई कायद्याने करारात काहीही लिहिलं तरी मुदत ४५ दिवसांच्या वर जात नाही. त्यानंतर चक्रवाढ व्याज लागतं. राज्याच्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन तक्रार करता येते. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र याचा आधार सहसा मिळत नाही.

घर: बायकोला, नवऱ्याला, भावाला खरा आकडा सांगा. घरच्यांना तुमची चिडचिड दिसतेच, फक्त कारण माहीत नसतं.

मित्र: एवढंच म्हणा, "फार अडकलोय रे. सल्ला नको, अर्धा तास बस माझ्याजवळ."

डॉक्टर: दोन आठवडे झोप, भूक, कामातलं लक्ष गेलं असेल तर फॅमिली डॉक्टरला तसंच सांगा. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. मोफत आहे, २४ तास आहे, मराठीत बोलता येतं.

"मी नसलो तर सगळ्यांची सुटका होईल," असा विचार एकदा जरी आला, तरी उद्यावर टाकू नका. त्याच क्षणी कोणाला तरी जवळ बोलवा आणि १४४१६ ला फोन करा. जिवाला धोका वाटत असेल तर ११२. कर्जाची फेररचना होते, बंद पडलेलं दुकान पुन्हा उघडतं. माणूस परत येत नाही.

आणि शेजारच्या गाळ्यातला माणूस हल्ली शटर उशिरा उघडतोय, कोणाशी बोलत नाहीये? आज चहा त्याच्याकडे घ्या. धंदा कसा चाललाय ते नंतर विचारा. आधी विचारा, "झोप लागते का?"