साठवणाऱ्या माशीची बाजू

२० मेचा जागतिक मधमाशी दिन जवळ आला की ‘मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल’ हे आइन्स्टाइनच्या नावावरचं वाक्य मोबाइलवर फिरू लागतं. आइन्स्टाइन असं बोलल्याचा पुरावा नाही. शिवाय गहू, तांदूळ, मका यांना माशीची गरज नाही. कारळे, सूर्यफूल, कांद्याचं बियाणं यांना आहे. माशीची थोरवी सांगायला तेवढं पुरे.

आपल्याकडचा दाखला जुना आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो; संत एकनाथांनी ते मराठीत आणलं. त्या यादीत मधमाशी आहे आणि तिचा मध लुटणाराही आहे. माशीकडून घ्यायचा धडा असा, की साठवू नये, साठ्यापायी जीव जातो. संन्याशाला हे ठीक, पण आग्या माशीने ऐकलं तर तिचं कसं व्हायचं? फांदीला किंवा कड्याला उघड्यावर लटकणारं तिचं एकच पोळं. फुलोरा आटला की सगळं मोहोळ मध पिऊन उठतं आणि लांब निघून जातं. साठा म्हणजे वाटखर्च! गंमत पुढे आहे. आसामात राण्यांच्या जनुकीय खुणा तपासल्या, तेव्हा काही मोहोळं परतून आपल्या जुन्याच जागी बसलेली आढळली. कामकरी माशी सहसा काही आठवडेच जगते. मग वाट लक्षात ठेवतं कोण?

खरा धडा मला लुटणाऱ्याच्या बाजूला दिसतो. रात्री टेंभा पेटवून माश्या जाळायच्या आणि अंडी-अळ्यांसकट पोळं पिळायचं, ही जुनी रीत. वास्तविक मध असतो पोळ्याच्या वरच्या एका टोकाला, फांदीलगत. पिल्लं त्याच्या खाली. तेवढंच टोक कापलं तर मोहोळ टिकतं आणि फुलं असली तर माश्या ते पुन्हा भरतात. विदर्भात आदिवासी मधपाळांना अशी कापणी शिकवली गेली. त्या मधाला ‘अहिंसक मध’ म्हणतात, आणि इथे हे विशेषण नुसतं शोभेचं नाही.

पेट्या वाटून संवर्धन झाल्याच्या बातम्या मात्र मी जपून वाचतो. पेटीत सातेरी राहते, परदेशी मेलिफेरा राहते. आग्या राहत नाही. तिला वड, सावर, कडेकपारी लागतात. देवरायांमध्ये देवाच्या धाकाने अशी उंच झाडं उरली. शहरात तिने सोसायटीची टाकी किंवा गच्चीचा सज्जा धरला, की फवारणीवाल्याला फोन जातो. फुलं सरल्यावर ती आपण होऊन गेली असती.