डीप लर्निंग : यंत्र शिकतं कसं?

म्हणजे काय? मशीन लर्निंगची एक शाखा. गणिती गाठींचे अनेक थर एकामागोमाग जोडलेले असतात. मांजर कसं ओळखायचं, याचे नियम कोणी लिहून देत नाही. असंख्य छायाचित्रं दाखवायची. उत्तर चुकलं की गाठींमधल्या जोडण्यांची वजनं किंचित बदलतात. ही चूक उलट दिशेने मागे पोहोचवण्याची पद्धत १९८६ मध्ये रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या शोधनिबंधामुळे रूढ झाली.

२०१२ : छायाचित्रं ओळखण्याची ‘इमेजनेट’ स्पर्धा. सुमारे १२ लाख छायाचित्रं, १,००० वर्ग. टोरोंटो विद्यापीठाच्या ‘अ‍ॅलेक्सनेट’ या डीप लर्निंग प्रणालीची चूक सुमारे १५ टक्के, तर दुसऱ्या क्रमांकाची २६ टक्के. थर ८, बदलती वजनं सुमारे ६ कोटी. आणि हे सगळं शिकवलं दोन ग्राफिक्स कार्डांवर, तीही व्हिडिओ गेमसाठी बनवलेली!

गल्लत नको : प्रत्येक मशीन लर्निंग हे डीप लर्निंग नसतं. ‘डिसिजन ट्री’सारख्या पद्धतींत असे थर नसतात.

कुठे वापरतात?
• मधुमेहींच्या डोळ्यांच्या पडद्यातील बिघाड टिपण्यासाठी.
• भाषांतरासाठी. गुगलच्या ‘न्यूरल’ म्हणजे अशा थरांच्या जाळ्यावर चालणाऱ्या भाषांतरात मराठी २०१७ मध्ये आली.
• प्रथिनांची त्रिमितीय रचना वर्तवण्यासाठी. हे करणाऱ्या ‘अल्फाफोल्ड’ प्रणालीबद्दल डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे मानकरी ठरले. त्याच वर्षी अशा यंत्र-शिक्षणाचा पाया घालण्याबद्दल भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन हॉपफिल्ड आणि जेफ्री हिंटन यांना मिळालं.