रापणीचे दोन दोर

हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे निघालं, की खाड्या सारख्या आडव्या येतात. आगरदांडा, बागमांडला, दाभोळ, तवसाळ. प्रत्येक ठिकाणी गाडी फेरीबोटीत चढवायची, पलीकडे उतरवायची. मला हा खोळंबा आवडतो. थांबलं की आजूबाजूची कामं दिसू लागतात. रायगडात वलांड्यांवर बोंबील वाळत होते, हर्णैला सुवर्णदुर्गासमोर लिलावाचा गलका होता. पण मी सगळ्यात जास्त रेंगाळलो ते तळाशीलला, मालवणच्या उत्तरेला. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे माडांची चिंचोळी पट्टी. तिथे सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, लागली होती.

या दिवसांत पहाटे जमीन समुद्रापेक्षा गार असते, म्हणून मतलई वारे किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहतात आणि किनाऱ्यालगतचं पाणी शांत असतं. दुपारी खारे वारे उठायच्या आत काम उरकावं लागतं. जाळ्याचा एक दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात ठेवून होडी आत जाते, अर्धवर्तुळात जाळं सोडत लांबवर परत किनाऱ्याला लागते आणि दुसरा दोर दुसऱ्या तुकडीला देते. मग ओढणं सुरू होतं.

लांबून पाहताना हे नुसत्या ताकदीचं काम वाटतं. जवळ गेल्यावर कळतं, की यात घाई चालत नाही. जाळ्याची खालची कड वजनाने वाळूला घासत यायला हवी. जोर जास्त झाला तर ती उचलली जाते आणि मासा खालून निसटतो. एक बाजू पुढे गेली तर मधली झोळी तिरकी होते. म्हणून एक म्हातारा रापणकर दोन्ही तुकड्यांच्या मधे उभा राहून, पाण्यावरच्या बोयांची रांग बघत, हाताने खुणा करत होता. कुणी ओरडत नव्हतं. पाण्याची ओढ जाळं बाजूला नेत होती, तशा दोन्ही तुकड्याही वाळूवरून सरकत होत्या आणि हळूहळू एकमेकींजवळ येत होत्या. मागे एक बाई सुटलेल्या ओल्या दोराची वेटोळी घालत होती. तेही कामच, आणि त्यालाही वाटा होता.

झोळी उथळ पाण्यात आली तेव्हा कुठे मासा उसळला. तारली, पेडवे, थोडे बांगडे, काही कुर्ल्या. वर समुद्री कुरवांची झुंबड. टोपल्या भरल्या, पण मला वाटलं होतं तेवढ्या नाहीत. मी तसं म्हणालो तर शेजारचे काका म्हणाले, "गावलो नाय तरी रापण घालूकच व्हयी."

वाळूवरच वाटे पडले. होडीचा, जाळ्याचा आणि माणसांचा. दोराला हात लावायला आलेल्या शेजाऱ्यालाही कालवणापुरती मासळी मिळाली. मला रापणीचं महत्त्व इथे वाटतं. ती मासा किनाऱ्यापर्यंत येण्याची वाट बघते आणि आला की गावात वाटते. पण तो किनाऱ्यापर्यंत यायला तर हवा! पर्ससीनची जाळी तारली-बांगड्याचा अख्खा थवा बाहेरच वेढून उचलतात. राज्य सरकारने २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने २०१७ साली एलईडी दिव्यांनी मासे गोळा करून पकडण्यावर बंदी आणली. पारंपरिक मच्छीमारांची तक्रार तरीही तीच आहे, की नियम कागदावर आणि दिवे समुद्रात. त्यांची बाजू मला रास्त वाटते. रापणकर माशामागे खोल समुद्रात जाऊ शकत नाही. त्याची होडी आणि दोर जिथवर पोचतात तेवढाच त्याचा समुद्र.

वाटे झाल्यावर मंडळी पांगतील असं मला वाटलं होतं. त्यांनी जाळं झटकलं, फाटलेला भाग बाजूला काढून दोघं सुतळी घेऊन बसले आणि बाकीच्यांनी वाऱ्याकडे बघत आणखी एक रापण घालावी का, यावर बोलणं सुरू केलं.