अर्धं वाक्य ग्राह्य, अर्धं बाद

समजा, कोठडीतला आरोपी तपासी अंमलदाराला सांगतो, "ज्या सुऱ्याने मी त्याला भोसकलं, तो घराच्या माळ्यावर लपवलाय. चला, काढून देतो." पंचांसमोर निवेदन पंचनामा होतो, सगळे घरी जातात आणि सुरा खरोखरच माळ्यावर सापडतो. यातलं न्यायालयात काय चालेल? सुरा माळ्यावर लपवला होता, एवढंच. 'ज्याने मी भोसकलं' हे शब्द बाद! पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही. वस्तू सापडल्यामुळे जेवढी माहिती खरी ठरली, तेवढीच आत येते. एका दमात बोललेलं वाक्य नेमकं कुठे तोडायचं, हे तेव्हाचं सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने 1946 साली पुलुकुरी कोटय्या खटल्यात सांगितलं.

फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याच्या कायद्याची विद्यार्थ्यांसाठीची पुस्तकं पुण्यात अप्पा बळवंत चौकात ढिगांनी मिळतात. बाहेरून ती रुक्ष दिसतात. पण कुणीही न पाहिलेली गोष्ट खरी कशी मानायची, हा माणसाचा फार जुना पेच त्यांत कलमाकलमाने सोडवलेला असतो, आणि मला याचं अजून नवल वाटतं.

त्यातही परिस्थितीजन्य पुराव्याचं प्रकरण उघडा. तिथे हमखास भेटणारा खटला पुण्याचाच आहे: शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. जून 1982 मध्ये एका विवाहितेचा सायनाइडने मृत्यू झाला. प्रत्यक्षदर्शी कुणीच नव्हता. पुण्याच्या सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. 17 जुलै 1984 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं पुराव्यात होती. मृताचं म्हणणं पुराव्यात यायचं तर ते मरण समोर दिसत असतानाच बोललेलं असावं, ही इंग्लंडमधली तेव्हाची अट आपल्याकडे नाही. म्हणून ती पत्रं विचारात घेता आली. पण त्याच पत्रांतून आत्महत्येची शक्यताही डोकावत होती. न्यायमूर्ती फजल अली यांनी पाच कसोट्या घालून दिल्या आणि त्यांना 'पंचशील' म्हटलं. प्रत्येक परिस्थिती पूर्ण सिद्ध झालेली हवी, ती फक्त अपराधाशीच जुळायला हवी, तिचं स्वरूप निर्णायक हवं, दुसरी प्रत्येक शक्यता बाद व्हायला हवी आणि साखळीत एकही कडी सुटलेली नसावी. देशभरात खुनाच्या खटल्यांमध्ये आजही याच कसोट्या लावल्या जातात.

दंडाधिकाऱ्यांसाठीचे नियम तर मला आणखी हलवून जातात. कबुलीजबाब नोंदवण्याआधी आरोपीला सांगावं लागतं: कबुली द्यायला तू बांधील नाहीस, दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. विचार करायला साधारणपणे किमान 24 तास द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये सरवण सिंग खटल्यात म्हटलं. आणि त्याने ऐन वेळी नकार दिला, तर दंडाधिकारी त्याला पोलीस कोठडीत पाठवू शकत नाही. 'नाही' म्हणण्याची शिक्षा कोठडीत होऊ नये, याची काळजी कायद्यानेच घेतली आहे. एका ओळीच्या या तरतुदीत केवढी माणुसकी आहे!

1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने रचलेल्या 1872 च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम. कलमांचे आकडे बदलले. कबुलीचं 164 आता 183 झालं, सुऱ्याचं 27 आता 23 मध्ये सामावलं. जुने प्रलंबित खटले मात्र जुन्याच प्रक्रियेने चालतात, म्हणून वकिलांच्या टेबलावर सध्या दोन्ही पुस्तकं असतात. तुमचा कायद्याशी संबंध नसला तरी साक्ष अधिनियमाचं कलम 22 आणि 23 एकदा वाचाच. पान-दीड पानाचा मजकूर आहे.