दंडाच्या पावतीतले 14 डॉलर जातात कुठे?

अमेरिकेत नोकरीला गेलेल्या मुलाचा फोन येतो, "अब्बा, शाळेजवळ गाडी जोरात गेली म्हणून तिकीट मिळालं." तिकीट म्हणजे आपल्याकडचं चलान. रक्कम ऐकून घरचे चक्रावतात. कारण त्यात नुसता दंड नसतो, कोर्टाची फीही लावलेली असते.

टेक्सासचंच बघा. तिथल्या शहरांची स्वतःची म्युनिसिपल कोर्टं असतात. वाहतुकीचे नियम मोडणं आणि इतर किरकोळ गुन्हे तिथे चालतात. असा गुन्हा शाबीत झाला की दंडाशिवाय 62 डॉलर राज्याची फी आणि 14 डॉलर स्थानिक फी द्यावी लागते. 2020 पासून या 14 डॉलरची वाटणी कायद्यातच ठरलेली आहे. 5 डॉलर भरकटणाऱ्या मुलांना वेळीच मार्गावर आणण्यासाठी, 4 डॉलर 90 सेंट कोर्टाच्या इमारतीच्या सुरक्षेसाठी, 4 डॉलर संगणक वगैरेसाठी आणि उरलेले 10 सेंट ज्युरीसाठी. शाळेच्या क्रॉसिंगजवळ नियम मोडला तर आणखी 25 डॉलर. त्यातून मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या माणसांचा पगार निघतो. मला तरी ही गोष्ट पटते. ज्याने मुलांचा जीव धोक्यात घातला, त्यानेच त्यांच्या रखवालीचा खर्च उचलावा.

पण यात एक मोठी गोम आहे. दंडातून पैसा येतो हे एकदा कळलं की नगरपालिकेला त्याची चटक लागते. मिसुरी राज्यातलं फर्ग्युसन हे तेव्हा सुमारे 21 हजार वस्तीचं गाव होतं. तिथल्या कारभारावर अमेरिकेच्या न्याय खात्याने मार्च 2015 मध्ये अहवाल काढला. गावाने त्या वर्षाच्या बजेटमध्ये दंड आणि कोर्ट फीचे तब्बल 30 लाखांहून जास्त डॉलर धरले होते. म्हणजे सुरक्षा राहिली बाजूला आणि पोलीस झाले वसुलीवाले! गावात काळे लोक 67 टक्के, पण तिकिटं मिळालेल्यांत ते 90 टक्के. एका गरीब बाईला 2007 मध्ये चुकीच्या पार्किंगसाठी 151 डॉलर आणि वर फी लागली. तारखा चुकल्या, हप्ते चुकले, तसा बोजा वाढत गेला. सहा दिवस तुरुंगात काढून आणि 550 डॉलर भरूनही 2014 च्या अखेरीस तिच्या नावावर 541 डॉलर बाकीच होते.

त्यानंतर मिसुरीने कायदा कडक केला. वाहतुकीच्या दंडातून येणाऱ्या उत्पन्नाची मर्यादा 30 टक्क्यांवरून 20 वर आणली. टेक्सासनेही 2017 मध्ये ठरवलं की शिक्षा सुनावताना जजने समोरच्याची ऐपत विचारायची. तसं तर पैसे नाहीत एवढ्याच कारणाने कुणाला तुरुंगात टाकता येत नाही, हे तिथल्या सुप्रीम कोर्टाने 1983 मध्येच सांगून ठेवलंय.

म्हणून तिकडे असलेल्या आपल्या मुलामुलींना सांगा, तिकीट कपाटात टाकून विसरू नका. आपल्याकडे ई-चलान थकलं की लोकअदालतीची नोटीस येते आणि माणूस निवांत असतो. तिकडे तारीख चुकली की वॉरंट निघू शकतं. पैसे नसले तरी ठरल्या दिवशी कोर्टात हजर व्हा आणि ऐपत नाही हे जजला स्पष्ट सांगा. हप्ते मागता येतात, दंडाऐवजी समाजसेवाही मागता येते. आणि पावती घेतलीत की फी कशाकशाची लावली, ते तिथल्या क्लार्कला बेधडक विचारा.