जॅकखाली फळी कशासाठी?

मोटारीचे चाक बदलताना मेकॅनिक जॅकखाली जाड फळी सरकवतो, हे आपण पाहिलेले असते. फळीमुळे मोटारीचे वजन काही कमी होत नाही. मग ती कशासाठी?

थोडे गणित करू. समजा, मोटारीचा एक कोपरा उचलून घोडीवर टेकवला आणि तिच्यावर ३०० किलोग्रॅम वजन आले. घोडीच्या चार पायांचे तळ प्रत्येकी ४ चौ. सें.मी. असले, तर दर चौ. सें.मी.वर सुमारे १९ किलोग्रॅम भार येतो. हवा भरलेल्या चाकाखाली तो जेमतेम २ किलोग्रॅम असतो. म्हणूनच ज्या रबरी फरशीवर मोटार खुशाल उभी राहते, तिच्यातच घोडीचे पाय रुततात. उन्हाने मऊ झालेल्या डांबराचेही तसेच. एक पाय जास्त रुतला, की घोडी कलते आणि मोटार कोसळू शकते.

चारही पायांखाली ३० सें.मी. लांब-रुंद अशी एकच फळी घातली, तर तेच वजन ९०० चौ. सें.मी.वर पसरते. भार एक-तृतीयांश किलोग्रॅमवर येतो! मात्र फळी जाड हवी. पातळ प्लायवूड वाकते आणि भार पुन्हा पायांखालीच एकवटतो.

वर्गात ओल्या वाळूवर स्टूल ठेवून त्यावर विद्यार्थ्याला बसवावे. मग पायांखाली फळी घालून पुन्हा बसवावे. दोन्ही वेळचे ठसे मुलांनाच मोजू द्यावेत. आणि एक बजावून सांगावे: फळी असो वा नसो, नुसत्या जॅकवर उचललेल्या मोटारीखाली कधीही शिरू नये.